पायातला रॉड, पुडीतले भस्म आणि डोळ्यातला कीस

पत्र : माझे सासरे ७१ वर्षांचे असून आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे काम केले. नऊ वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावर स्कूटरला अपघात झाला, तेव्हा त्यांच्या डाव्या मांडीत रॉड बसवला. तीन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट घातला. गेले चार महिने त्यांची कंबर दुखते, दोन्ही पावलांना मुंग्या येतात आणि तळवे बधिर वाटतात. डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला असून गरज वाटल्यास इंजेक्शन देऊन करू, असे म्हटले आहे. क्रिएटिनिन १.६ आणि हिमोग्लोबिन ९.८ आहे. शेजारचे काका म्हणतात की मशीन रॉड ओढून घेईल. नणंदेचे म्हणणे, आधी रॉड काढून घ्या. त्या इंजेक्शनमध्येही धातू असतो हे कळल्यापासून माझे यजमान घाबरले आहेत. बाबा मात्र गुडघ्यांसाठी आठ महिने एका वैद्यांकडून भस्माच्या पुड्या आणतात, त्याबद्दल यजमानांची काहीच हरकत नाही, कारण ते आपले जुने औषध आहे. नणंद उलट म्हणते की धातू हे औषध असूच शकत नाही, सगळेच बंद करा. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक सून, ठाणे

उत्तर :

ताई, तुमच्या घरात चार माणसे चार मते मांडत आहेत, पण 'धातू' हा जणू एकच पदार्थ आहे आणि तो एक तर चांगला असतो किंवा वाईट, असे चौघेही धरून चालले आहेत. मी क्ष-किरण विभागात उभा जन्म घालवला आणि आता निवृत्त आहे. माझ्या अनुभवात धातूविषयी 'चालेल का' या प्रश्नाला कधीच थेट उत्तर नसते. कोणता धातू, कोणत्या रूपात, किती, शरीरात कुठे आणि बाहेर पडण्याची वाट कोणती, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या प्रश्नांनी तुमचे पत्र वाचले, तर ज्या रॉडची सर्वांना भीती वाटते त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्या पुडीची कोणालाच भीती वाटत नाही तिची बरीच वाटते. आणि तुम्ही ओघात लिहिलेल्या 'वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे' या शब्दांवर मी सर्वांत आधी थांबलो.

रॉडपासूनच सुरुवात करतो, कारण घरातले भांडण तिथे अडले आहे. मांडीच्या हाडात घालायचे रॉड साधारणतः टायटॅनियमच्या मिश्रधातूचे किंवा शस्त्रक्रियेसाठी बनवलेल्या विशिष्ट स्टेनलेस स्टीलचे असतात. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. स्टीलमध्ये लोखंड असते हे खरे, परंतु त्यात पुरेसे क्रोमियम आणि निकेल मिसळले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्याचा चुंबकाकडे धावण्याचा गुण जवळजवळ नाहीसा होतो. जांभळी नाक्यावर स्टीलची भांडी घेताना चोखंदळ गृहिणी पर्समधून लहानसे लोहचुंबक काढून पातेल्याला लावून पाहतात आणि चिकटले तर भांडे परत ठेवतात. त्या परीक्षेमागचे तत्त्व हेच आहे. शिवाय हा रॉड हाडाच्या पोकळीत स्क्रूंनी अडकवलेला आहे आणि नऊ वर्षांत हाड त्याच्याभोवती पक्के झाले आहे. तो हलण्याची, ओढला जाण्याची किंवा मांडी फाडून बाहेर येण्याची गोष्ट शेजारच्या काकांनी मनातून काढून टाकावी.

तरीही रॉडची माहिती एमआरआय केंद्राला देणे आवश्यक आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. हे यंत्र चुंबकाबरोबर रेडिओलहरीही वापरते आणि लांब धातूच्या वस्तूत त्या लहरींमुळे थोडी उष्णता निर्माण होऊ शकते. म्हणून तंत्रज्ञ यंत्राची मांडणी त्याप्रमाणे ठेवतात आणि रुग्णाच्या हातात दाबायला घंटी देतात. दुसरे असे की धातूच्या आजूबाजूचे चित्र बिघडते. मांडीचा एमआरआय असता तर हा प्रश्न मोठा झाला असता. कमरेच्या मणक्यांपासून रॉड पुरेसा दूर आहे. रॉड काढण्याच्या सूचनेबद्दल एवढेच म्हणतो की एकाहत्तराव्या वर्षी, स्टेंटसाठी रक्त पातळ करणारी औषधे घेत असलेल्या माणसाला, केवळ एक चित्र काढता यावे म्हणून भूल देऊन मांडी उघडणे हा मला मान्य नसलेला सौदा आहे.

स्टेंटबाबत तर आणखी थोडक्यात लिहितो. तो बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असेल आणि तीन वर्षांत धमनीच्या अस्तराने त्याला झाकून टाकलेले असेल. आजच्या स्टेंटसह नेहमीच्या ताकदीच्या यंत्रात एमआरआय करता येतो. फक्त रॉड आणि स्टेंट या दोन्हींची कागदपत्रे शोधा. शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये, डिस्चार्ज कार्डाच्या मागे किंवा शेवटच्या पानावर, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक असलेला छोटा स्टिकर चिकटवलेला असतो. आपल्याकडे लोक बिले जपून ठेवतात आणि हा स्टिकर रद्दीत घालतात. ज्या वस्तूवर 'एमआर कंडिशनल' अशी नोंद असते, ती विशिष्ट अटींवर चालते. त्याचे चिन्ह पिवळा त्रिकोण असते. धातूच्या रोपणांना बिनशर्त परवानगीचा हिरवा चौकोन मिळत नाही, म्हणून पिवळा त्रिकोण पाहून दचकू नका. लाल वर्तुळ असेल, तर मात्र त्या वस्तूसह यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचे नसते.

आता वर्कशॉपकडे येतो. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिथल्या लेथवर आणि ग्राइंडरवर ज्यांनी हयात काढली अशा शेकडो माणसांना मी यंत्राखाली झोपवले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यात कधी ना कधी लोखंडाचा कीस गेलेला असतो. त्या काळी गॉगल खुंटीला टांगलेला असायचा आणि फोरमन रुमालाचे टोक ओले करून कण काढायचा. 'निघाला ना, चल कामाला' एवढ्यावर विषय संपायचा. काही वेळा तो निघालेला नसतो. वेगाने उडालेला बारीक कण बुबुळ भेदून आत जातो, जखम केसाएवढी असल्यामुळे मिटते, चार दिवस पाणी येते आणि माणूस विसरून जातो. हे लोखंड शस्त्रक्रियेचे नसते, साधे असते. त्याला हाडाचा आधार नसतो आणि शेजारी दृष्टिपटल असते. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय ताकदीचे एकक) एमआरआयचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते. त्यात असा कण डोळ्याच्या आत फिरला तर दृष्टी जाऊ शकते. अशा प्रकारे एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात १९८६ सालीच झालेली आहे.

मला स्वतःला आठवतो तो एक फिटर. फॉर्मवर 'शरीरात धातू आहे का' या प्रश्नापुढे त्याने ठामपणे 'नाही' लिहिले होते, कारण त्याच्या दृष्टीने धातू म्हणजे डॉक्टरने बसवलेली पट्टी. हातांवरचे जुने चटके पाहून मी त्याला 'डोळ्यात कधी कीस गेला होता का' असे विचारले आणि तो हसून म्हणाला, 'कितीदा म्हणून सांगू!' डोळ्यांचा साधा एक्स-रे काढला, तर उजव्या खोबणीत ज्वारीच्या दाण्याच्या चौथाई एवढा ठळक पांढरा ठिपका होता. त्या दिवशी एमआरआय झाला नाही. फॉर्मवरचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो फिटरच्या भाषेत विचारलेला नव्हता इतकेच. त्या दिवसापासून मी कामगारांना तो नेहमी तोंडी विचारत आलो.

तेव्हा तुम्ही बाबांना आज संध्याकाळी चहाच्या वेळी हाच प्रश्न, याच शब्दांत विचारा. उत्तर 'हो' असेल, किंवा 'आठवत नाही' असेल, तर एमआरआयच्या आधी दोन्ही डोळ्यांचा एक्स-रे करून घ्यावा. ठाण्यात तो कुठल्याही क्ष-किरण केंद्रात होतो आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. केंद्राने स्वतःहून सांगितले नाही तरी आग्रह धरा.

या चुंबकाविषयी आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक असावी. यंत्र आवाज करत नसले तरी चुंबक चालू असतो. त्यातल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारा द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यातला विद्युतप्रवाह रात्रंदिवस फिरत राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाइकाबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राने सिलिंडर खेचला आणि त्या तरुणाचा जीव गेला. तो रुग्ण नव्हता, सोबत आलेला होता. म्हणून बाबांची खुर्ची ढकलत कोण आत जाणार, त्याच्या खिशात काय आहे, खुर्ची कशाची आहे, हेही प्रश्नच आहेत; तंत्रज्ञाने दारात अडवले तर त्याच्याशी वाद घालू नये.

आता यजमानांच्या भीतीकडे वळू. त्यांना कळले ते बरोबर आहे : त्या इंजेक्शनमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. त्याच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो आसपासच्या पाण्याच्या रेणूंचे चुंबकीय वर्तन बदलतो आणि चित्रात सूज, गाठ किंवा जंतुसंसर्ग उजळून दिसतो. सुटा गॅडोलिनियम विषारी असतो, हेही खरे आहे. शरीराला तो आकाराने कॅल्शियमसारखा भासतो आणि जिथे कॅल्शियमचे काम चालते तिथे तो अडथळा आणतो. म्हणूनच तो सुटा देत नाहीत, एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात घट्ट धरून देतात. मूत्रपिंडे ठीक असतील तर त्यातला बहुतांश भाग चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे फारच कमजोर असतील, तर पिंजरा शरीरात रेंगाळतो, काही प्रकारांत तो सैल पडतो, आणि त्वचा व अवयव कडक करणारा एक गंभीर आजार होऊ शकतो. हा संबंध २००६ मध्ये लक्षात आला आणि त्यानंतर जगभर नियम बदलले. दोरीसारख्या रचनेच्या पिंजऱ्यांपेक्षा वर्तुळाकार पिंजरा अधिक घट्ट असल्याचे दिसल्यामुळे युरोपने २०१७ मध्ये पहिल्या प्रकारातली अनेक औषधे थांबवली.

बाबांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालतात हे दाखवणारा रक्तातला आकडा, १.६ आहे. त्यांच्या वयाला यावरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सुमारे ४५ येते. खरी धोक्याची रेषा ३० च्या खाली मानली जाते. म्हणजे इंजेक्शन अगदीच द्यायचे झाले तर वर्तुळाकार प्रकारचे द्यावे, एवढे डॉक्टरांशी बोलून घ्या. पण त्याआधी ते लागणार आहे का, हे विचारा. कमरेची चकती सरकली आहे का, नस दबली आहे का, हे पाहण्यासाठी सहसा इंजेक्शनशिवायचा एमआरआय पुरतो. जुनी मणक्याची शस्त्रक्रिया, क्षय किंवा इतर जंतुसंसर्ग, अथवा गाठीची शंका असेल तर इंजेक्शनला अर्थ आहे.

तुमच्या नणंदेचे 'धातू हे औषध असूच शकत नाही' हे वाक्य ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात एक चक्कर मारली तरी टिकणार नाही. रक्तक्षयासाठी दिली जाणारी गोळी लोहाची असते, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर जस्त देतात, भाजलेल्या जखमेवरच्या पांढऱ्या मलमात चांदीचे संयुग असते, आणि मनाच्या दोलायमान आजारात १९४९ पासून वापरात असलेले लिथियम हाही एक धातूच आहे. यादी लांबवत नाही. त्यापेक्षा तीन धातूंविषयी सविस्तर लिहितो, कारण रूप आणि मात्रा यांचे महत्त्व त्यांच्यावरून नीट कळते.

पहिला बेरियम. अन्ननलिकेचा किंवा आतड्याचा एक्स-रे काढताना पांढरे, खडूसारखे पेय पाजतात, त्यात बेरियम सल्फेट असते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आतड्यातून रक्तात जात नाही आणि शौचावाटे तसेच बाहेर पडते. याच बेरियमचे कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळते, आणि ते उंदीर मारण्यासाठी वापरले गेलेले विष आहे. धातू तोच, फरक केवळ विरघळण्याचा.

दुसरा प्लॅटिनम. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे १९६५ साली जिवाणूंवर विद्युतप्रवाहाचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, ते लांबच लांब वाढू लागले. पण कारण विजेत नव्हते. निष्क्रिय समजल्या गेलेल्या प्लॅटिनमच्या विद्युताग्रांतून सूक्ष्म प्रमाणात एक संयुग द्रावणात उतरत होते. त्यातून सिस्प्लॅटिन आले, १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि वृषणाच्या कर्करोगाचे चित्र पालटले. खारघरला किंवा परळला टाटा कर्करोग रुग्णालयात हे औषध घेणाऱ्या रुग्णाजवळ थोडा वेळ बसा : आधी सलाइनच्या बाटल्या, मग औषध, मग पुन्हा सलाइन, लघवीचे मोजमाप, क्रिएटिनिनची तपासणी. कारण हा धातू मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतो. ही इजा कोणी नाकारत नाही. मोजून, लिहून, पाळत ठेवून ती आटोक्यात ठेवतात.

तिसरा तुमच्या शेजारगावचा आहे. वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ब्रिट या संस्थेचे संकुल आहे, तिथून देशभरातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे जातात. हाडांचा बोन स्कॅन करताना शिरेतून जे टोचतात त्यात टेक्नेशियम हा धातू असतो. तो निसर्गात जवळजवळ सापडत नाही; १९३७ मध्ये माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले ते पहिले मूलद्रव्य. रुग्णालयात मॉलिब्डेनमने भरलेला एक जनित्र-डबा ठेवतात आणि रोज सकाळी त्यातून खारे पाणी सोडून ताजे टेक्नेशियम काढून घेतात. तंत्रज्ञ त्याला गाय दोहणे म्हणतात, कारण मॉलिब्डेनम दर सहासष्ट तासांनी निम्मे होत आठवडाभर दुभते राहते. टेक्नेशियमचे अर्धे आयुष्य सहा तास. म्हणजे सकाळी टोचलेल्यातला दुसऱ्या दिवशी सकाळी जेमतेम सोळावा हिस्सा सक्रिय राहतो, लघवीतून जाते ते वेगळेच. पुढे कधी बाबांना बोन स्कॅन सांगितला, तर 'आणखी एक धातू' म्हणून घरात नवे भांडण सुरू करू नका.

एवढे लिहून झाल्यावर पुडीचा विषय टाळता येणार नाही, आणि मला तो टाळायचाही नाही. धातूंची औषधे हा आपल्या रसशास्त्राचा जुना प्रांत आहे आणि त्या परंपरेने धातू कच्चा देऊ नये हे फार आधी ओळखले होते. शोधन-मारणाचा, म्हणजे धातू शुद्ध करून भाजून त्याची राख करण्याचा, सगळा खटाटोप त्याचसाठी आहे. भस्म पाण्यावर तरंगते का, बोटांच्या रेषांत शिरते का, चांदीबरोबर तापवल्यावर पुन्हा धातू सुटतो का, अशा परीक्षाही सांगितल्या आहेत. परंतु या परीक्षा पूड किती बारीक झाली आणि मूळ धातूचे रूप गेले की नाही, एवढेच सांगतात. ती पूड पोटातल्या आम्लात किती विरघळते, रक्तात किती उतरते, मूत्रपिंडात किती साठते, हे त्यांतून कळत नाही. शिसे हे भस्मात रूपांतरित झाले तरी शिसेच राहते. बेरियमच्या बाबतीत जो प्रश्न विचारला तोच इथेही विचारायचा आहे, अधिक कठोरपणे नव्हे आणि कमी कठोरपणेही नव्हे.

याच प्रांतातले एक उदाहरण माझ्या युक्तिवादाच्या दोन्ही बाजूंना लागू पडते. सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, हे कथा-कादंबऱ्यांतले जुने विष. वैद्यांच्या पेटीतही ते होते. आज रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर हेच ऑक्साइड शिरेतून देतात आणि ते उत्तम काम करते. चीनमधल्या अनुभवातून ते पुढे आले आणि २००० साली अमेरिकेत मान्य झाले. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून, हृदयाचा आलेख वारंवार काढून, रुग्णालयात देतात. गुडघेदुखीसाठी कागदाच्या पुडीतून महिनोन्महिने देत नाहीत.

तुमच्या पत्रात औषधाचे नाव नाही, बहुधा पुडीवरही नसावे. माझा आक्षेप तिथे आहे. नागभस्मात शिसे असते, त्रिवंगात शिसे, कथिल आणि जस्त. रसकल्पांत पारा, काहींत हरताळ किंवा मनःशिळा म्हणजे आर्सेनिकची खनिजे. औषध परवानाधारक कारखान्यातले असेल तर घटक लेबलवर छापावे लागतात, आणि विषारी गणलेले घटक असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही छापणे कायद्याने बंधनकारक आहे. बिनलेबलाच्या पुडीला यातले काहीच लागू होत नाही. बोस्टनच्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ती तर लेबल लावलेली होती. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असणे हाही आपल्याकडचा जुना अनुभव आहे, आणि 'दोन दिवसांत फरक पडला' या प्रशस्तीमागे पुष्कळदा तेच असते.

आता बाबांच्या तक्रारी पुन्हा वाचा : दोन्ही पावलांना सारख्याच मुंग्या, हिमोग्लोबिन ९.८, क्रिएटिनिन वाढलेले. कमरेची नस दबली की त्रास बहुधा एका पायात अधिक असतो. दोन्ही तळवे मोज्यासारखे बधिर होणे हे मधुमेहात, बी-१२ च्या कमतरतेत आणि शरीरात शिसे किंवा आर्सेनिक साठल्यावरही दिसते. शिशाने रक्तही कमी होते. मी इथे बसून निदान करत नाही, करणे योग्यही नाही. वयामुळे, रक्तदाबामुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळेही क्रिएटिनिन वाढलेले असू शकते. पण कमरेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसणे हे या वयात इतके सामान्य आहे, की ती दिसली म्हणजे कारण सापडले असे वाटेल आणि पुडी चालूच राहील, ही माझी खरी चिंता आहे.

म्हणून डॉक्टरांकडे पुडी घेऊन जा आणि रक्तातले शिसे, तसेच लघवीतले आर्सेनिक व पारा तपासावे का, हे त्यांना स्पष्ट विचारा; साखर आणि बी-१२ तपासले नसेल तर तेही. या तपासण्यांबाबत क्रम महत्त्वाचा आहे. गॅडोलिनियमचे इंजेक्शन झाल्यावर तो धातू प्रयोगशाळेच्या यंत्रात अडथळा आणतो, म्हणून धातूंच्या चाचण्या इंजेक्शनच्या आधी द्याव्यात, नाही तर निदान चार दिवस थांबावे. आर्सेनिकसाठी लघवी देण्यापूर्वी चार-पाच दिवस घरात सुरमई, बोंबील, कोळंबी काही नको. समुद्रातल्या मासळीत निरुपद्रवी प्रकारचे आर्सेनिक असते आणि ते आकडा फुगवते. आधी धातू ओढून काढणारे औषध देऊन मग लघवी तपासण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तिच्यातून मिळणारा आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही, तेव्हा तिला नकार द्या. याच औषधाच्या सलाइनने हृदयाच्या धमन्या 'साफ' करून देण्याच्या जाहिराती ठाण्यात भिंतीभिंतींवर दिसतात. शिशाची विषबाधा सिद्ध झाली तर अशा औषधाला जागा आहे. स्टेंट झाला म्हणून ते घेण्याचे कारण नाही.

पुड्या बाबांनी मनाने, एका रात्रीत थांबवाव्यात असे मात्र मी लिहिणार नाही. आठ महिने पोटात स्टेरॉइड जात असेल, तर ते अचानक तुटल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. आजच किंवा उद्या डॉक्टरांना गाठा आणि त्यांच्यासमोर, त्यांच्या पाळतीखाली बंद करा. नणंदेच्या 'सगळेच बंद करा' मध्ये स्टेंटच्या गोळ्या येत नाहीत, हेही तिला सांगा. त्यातली एकही गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. आणि यातले काहीही पूर्ण होण्याआधी बाबांना लघवी तुंबणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठा.

बाबांशी बोलताना वैद्यांची टिंगल करू नका. आठ महिने ज्याने आपले गुडघे सुसह्य केले त्याच्याविषयी माणसाच्या मनात कृतज्ञता असते आणि ती दुखावली की पुड्या उशीखाली जातात. औषधाचे नाव, घटक आणि कारखाना एका कागदावर लिहून द्या, अशी वैद्यांना विनंती करायला बाबांनाच पाठवा. पदवीधर, जबाबदार वैद्य ते आनंदाने लिहून देईल, आणि दिले तर डॉक्टरांचे काम निम्मे होईल. दिले नाही, तर बाबांना स्वतःला काय वाटते ते परतीच्या लोकलमध्ये विचारा.

एमआरआयच्या दिवशी घरून निघतानाच अंगावरचे उतरवा. घड्याळ, पट्टा, कवळी, चाव्या आणि बँकेचे कार्ड हे सगळ्यांना आठवते. बोटातली घोड्याच्या नालेची अंगठी लोखंडाची असते; ती निघत नसेल तर साबण आणि दोरा लावून आदल्या रात्रीच प्रयत्न करा, नाही तर सोनाराकडून कापून घ्या. कमरेचा करदोटा रेशमी असेल तर राहू द्यावा. चांदीचा असेल तर काढावा. चांदीला चुंबक ओढत नाही, पण तिचा तो पुरा वेढा रेडिओलहरींत तापतो आणि कातडी भाजू शकते. वेदनेसाठी लावलेली औषधी पट्टी असेल तर तीही काढा, काहींच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. आणि उरलेल्या पुड्या फेकू नका. एका स्वच्छ काचेच्या बरणीत, तारीख लिहून, नातवंडांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा; तपासणीत काही निघाले, तर डॉक्टर त्याच मागतील.